सिग्नल नसलेल्या गावातून सिग्नलच्या शहरात

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना येणारे बरेचसे 'म्हणजे' आणि 'आता बघा' काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.)



वेळणेश्वरात कुणी 'सिग्नल आहे का रे?' असं विचारलं तर समोरचा खिशातला मोबाईल काढून बघतो. कारण आमच्या गावात सिग्नल म्हणजे मोबाईलची रेंज. दुसरा, तो लाल-पिवळा-हिरवा, आमच्याकडे नाहीच. समुद्र आहे, महादेवाचं देऊळ आहे, इंजिनियरिंग कॉलेजसुद्धा आहे, पण चौकात दिवा लावावा असा चौकच नाही. गावात गाई आणि एसटी सोडल्या तर कुणासाठी थांबायची सवयच नसते.

आजचा भाग माझ्या मामेबहिणीसाठी आहे. तिला पुण्यात नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जातेय, आणि स्कूटर सोबत नेतेय. लायसन्स आहे, आठचा आकडा काढून रीतसर पास झालेली आहे. पण परवा मला म्हणाली, "दादा, मी आयुष्यात एकदाही सिग्नलला गाडी थांबवलेली नाही. मागे बसून बघितलंय फक्त. हसू नको, पण ते लेनचं वगैरे मला नीट सांग."

मला हसायला यायचं काही कारणच नव्हतं. का, ते आधी सांगतो.

मोडकाआगरचा तिठा

कोकणाबाहेरच्यांसाठी: तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. गुहागरहून चिपळूणकडे जाताना मोडकाआगरला उजव्या हाताला आमच्या बाजूचा रस्ता फुटतो, पालशेतवरून वेळणेश्वर, हेदवीकडे जाणारा. गणपतीचे दिवस होते. मी गुहागरहून बाजार करून येत होतो, मागे हीच मामेबहीण, मांडीवर पिशव्या. रस्त्यावर चाकरमान्यांच्या गाड्याच गाड्या.

मी काय केलं? लहानपणापासून सगळे करतात तेच. रस्त्याच्या डाव्या कडेने आलो, तिठ्यापर्यंत तसाच कडेला राहिलो, आणि अगदी शेवटी उजवा हात बाहेर काढून वळलो. मागून येणाऱ्या मोटारवाल्याला मी डाव्या कडेला दिसत होतो. त्याच्या दृष्टीने मी सरळ जाणारा, किंवा थांबणारा. तो मला उजवीकडून ओलांडत होता. आणि मी त्याच्या पुढ्यात आडवा गेलो.

त्याने जोरात ब्रेक दाबला म्हणून आज मी बोलतोय. गाडीचा कोपरा स्कूटरच्या मागच्या चाकाला लागला, आम्ही दोघं पडलो. मला खरचटलं. तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि तेही उजव्या हाताला.

आता खरी गोष्ट. लोक जमले. गाडी मुंबई पासिंगची. 'मुंबईवाले कसेही गाड्या हाकतात' असं सगळ्यांनी त्या माणसाला सुनावलं. तो बिचारा हात जोडत होता. औषधाचे पैसेही देऊन गेला. आणि मी गप्प बसलो. मला तेव्हाच कळलं होतं की चूक माझी आहे. पण पडलेला माणूस बरोबर आणि गाडीतला माणूस चूक, हा आपल्याकडचा अलिखित कायदा माझ्या सोयीचा होता. तो हे ऐकत असेल अशी शक्यता नाही, पण ऐकत असलात तर साहेब, चूक माझी होती.

उजवीकडे वळायचं कसं

म्हणून सिग्नलच्याही आधी हे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे डावं वळण सोपं: डाव्या कडेला राहा, कडेकडेनेच वळा, कुणाच्या मार्गात येत नाही. उजवं वळण अवघड, कारण त्यात समोरून येणाऱ्यांचा प्रवाह कापावा लागतो.

ते असं करायचं. वळण यायच्या बरंच आधी आरशात बघा. इंडिकेटर लावा. मागचा माणूस तुमचा इंडिकेटर बघेल एवढा वेळ जाऊ द्या. मग हळूहळू आपल्या अर्ध्या रस्त्याच्या उजव्या बाजूला, मधल्या रेषेजवळ या. आता मागच्यांना दोन गोष्टी कळल्या: तुम्ही उजवीकडे जाणार, आणि तुम्हाला ओलांडायचं असेल तर डावीकडून जागा आहे. समोरून वाहन येत असेल तर तिथेच थांबा. मधल्या रेषेजवळ थांबायला पहिल्यांदा भीती वाटते, कबूल. पण डाव्या कडेवरून एकदम आडवं जाण्यापेक्षा ते पुष्कळ सुरक्षित आहे. वाट मोकळी झाली की वळा, आणि वळताना कोपरा कापू नका. नव्या रस्त्याच्या डाव्या अर्ध्यात शिरायचंय, उजव्या नाही.

मी हे सगळं पाळलं असतं तर तो मोटारवाला माझ्या डावीकडून निघून गेला असता आणि आम्हाला एकमेकांचं तोंडही दिसलं नसतं.

दिवा नसेल तर आधी कोण?

आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे: ज्याचा हॉर्न मोठा तो, आणि एसटी असेल तर एसटी. कायद्याचं उत्तर वेगळं आहे. आपल्या देशात रस्त्यावर वागायचे नियम १९८९ सालचे होते, त्यांच्या जागी २०१७ साली नवे आले. त्यातली मूळ कल्पना दोन वाक्यांची. एक, बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने थांबायचं, मुख्य रस्त्यावरच्याला जाऊ द्यायचं. दोन, कुठला रस्ता मुख्य हे ठरलेलं नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

उजव्याच हाताने का? हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर कायमचं लक्षात राहिलं असतं. डोळ्यासमोर चौक आणा. तुम्ही सरळ जाताय, समोर आडवा रस्ता आहे. त्या आडव्या रस्त्याचा तुमच्या जवळचा अर्धा भाग कुणाचा? उजवीकडून डावीकडे जाणाऱ्यांचा, कारण तेही आपापल्या डावीकडून चालतात. म्हणजे चौकात पाऊल टाकल्याबरोबर पहिली टक्कर होऊ शकते ती उजवीकडून येणाऱ्याशी. डावीकडून येणारा त्यानंतर, रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्यात. म्हणून आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, आणि निघताना पुन्हा एकदा उजवीकडे.

गोल चौकाचं, म्हणजे सर्कलचं, तेच. आत जो फिरतोय तो तुमच्या उजवीकडून येतो. त्याला आधी जाऊ द्या, फट मिळाली की आत शिरा. सगळेच एकदम घुसले की सर्कल जाम होतं, कारण बाहेर पडणाऱ्याला बाहेरच पडता येत नाही. भर गर्दीत हे तुम्ही बघितलंच असेल.

लाल-हिरवा आला कुठून

थोडं विषयांतर करतो, कारण मला हे आवडतं. रस्त्यावरचा सिग्नल रेल्वेकडून आलाय. १८६८ च्या डिसेंबरात लंडनला पार्लमेंटसमोर पहिला सिग्नल लागला. कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या इंजिनियरची. दिवसा हात वरखाली व्हायचे, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. एक पोलीस खाली उभा राहून तो चालवायचा. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला, आणि ती कल्पना अनेक वर्षं मागे पडली. पुढे वीज आली, मोटारी आल्या. १९२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटला विल्यम पॉट्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने चारी बाजूंना दिसणारा तीन रंगांचा सिग्नल बसवला.

रेल्वेत सुरुवातीला लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध, आणि पांढरा म्हणजे जा, असं होतं. पण पांढरा दिवा कुठल्याही घरातला असू शकतो. लाल काच फुटली तर मागचा दिवाही पांढराच दिसणार, म्हणजे 'थांबा'चं 'जा' होणार! म्हणून पांढरा गेला, हिरव्याला बढती मिळाली. चिपळूण स्टेशनवर कोकण रेल्वेची वाट बघत उभे असाल तेव्हा फलाटाच्या टोकाचा सिग्नल बघा. पुण्याच्या चौकातला दिवा त्याचाच नातेवाईक आहे.

पिवळा म्हणजे 'पळ' नाही

लाल आणि हिरवा सगळ्यांना कळतो असं आपण समजतो. लालला थांबायचं ते रेषेच्या आधी. झेब्राच्या आधी एक जाड पांढरी रेघ असते, ती स्टॉप लाईन. झेब्रावर गाडी उभी केली तर पायी माणसाने जायचं कुठून? आणि लाल असताना डावीकडे वळणं आपोआप मोफत नसतं. 'फ्री लेफ्ट'ची पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच. बाण असेल तर फक्त बाणाच्या दिशेने जायचं. पूर्ण गोल हिरवा असेल तर कुठेही जाता येतं, पण उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

गोंधळ आहे तो पिवळ्याचा. आपल्याकडे पिवळा दिसला की लोक ॲक्सिलरेटर पिळतात. नियम उलटा आहे: पिवळा म्हणजे थांबा. फक्त तुम्ही रेषेच्या इतके जवळ असाल की थांबणंच धोक्याचं होईल, तरच जायचं.

'इतके जवळ' म्हणजे किती? चला, हिशोब करू. पिवळा साधारण ३ सेकंद असतो असं धरा. तुम्ही ताशी ४० किलोमीटरने चाललाय, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. दिवा दिसून ब्रेकवर हात जायला एक सेकंद, त्यात ११ मीटर गेले. मग बेताचा ब्रेक दाबून थांबायला आणखी २० मीटर. एकूण ३१-३२ मीटर. आणि ३ सेकंदांत न थांबता किती जाल? ३३ मीटर. म्हणजे रेषा ३२ मीटरच्या पलीकडे असेल तर आरामात थांबता येतं, अलीकडे असेल तर लाल व्हायच्या आत रेषा ओलांडता येते. हिशोब जुळतो.

आता तोच वेग ६० करा. थांबायला लागतात ६३ मीटर. ३ सेकंदांत जाता ५० मीटर. म्हणजे रेषेपासून ५५ मीटरवर असताना पिवळा झाला तर तुम्ही धड थांबू शकत नाही, धड जाऊही शकत नाही. काहीही केलं तरी चूक. ही चूक पिवळा लागल्यावर होत नाही, ती चौकाकडे ६० ने आल्यावर आधीच झालेली असते. आणि हे कोरड्या रस्त्याचे आकडे आहेत. आपल्या पावसात तर थांबायला आणखी अंतर लागतं.

दुसरी गोष्ट, काऊंटडाऊनची. लाल दिव्याखाली उलटे आकडे दिसतात: ५, ४, ३... आणि तीनला लोक निघतात! पण तुमचे ते शेवटचे तीन सेकंद रिकामे नसतात. त्या वेळी आडव्या रस्त्यावर पिवळा चालू असतो, किंवा सगळीकडे लाल ठेवून चौक रिकामा केला जात असतो. तिकडे पिवळ्यात पळणारा आणि इकडे तीनला निघणारा, दोघं चौकाच्या मध्यावर भेटतात. मामेबहिणीला मी सांगितलंय, हिरवा झाल्यावरही एक श्वास घे आणि उजवीकडे बघ. मागचा हॉर्न मारेल. मारू दे.

रात्री उशिरा काही ठिकाणी पिवळा नुसता लुकलुकतो. त्याचा अर्थ सिग्नल बिघडला असा नाही. वेग कमी करून, बघून जा. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबा, मग वाट मोकळी बघून जा. आणि चौकात वाहतूक पोलीस उभा असेल तर त्याचा हात दिव्याच्या वरचा. दिवा हिरवा पण त्याने हात दाखवला, तर थांबायचं.

लेन

लेनची शिस्त कोकणी माणसाला जमत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला तवसाळच्या फेरीबोटीवर न्या. जयगडला जाण्यासाठी गाड्या बोटीत चढवताना बोटीवरचा माणूस हाताने खूण करतो, 'तू इकडे, तू त्याच्या मागे,' आणि एकही शहाणा मध्ये घुसत नाही. कारण तिथे घुसून जायचं कुठे? समुद्रात? रस्त्यावर रेषा आखलेल्या असतात, पण रेषेपलीकडे पाणी नसतं, एवढाच फरक.

चौकाच्या अलीकडे रस्त्यावर पांढरे बाण काढलेले असतात. डावीकडे वळायचं तर डावी लेन, उजवीकडे तर उजवी, सरळ तर मधली किंवा बाण सांगेल ती. ही निवड चौकात करायची नाही, चौकाच्या बरीच आधी करायची. तुटक रेघ असते तिथे लेन बदलता येते, जवळ आल्यावर रेघ अखंड होते. अखंड झाली की आता आहात तिथेच राहा.

आणि चुकलात तर? उजवीकडे जायचंय आणि सरळच्या लेनमध्ये अडकलात? सरळ जा. एवढंच. नवख्या शहरात ही चूक रोज होते. आपण काय करतो, तर चारही लेन आडव्या कापून वळतो, कारण मॅपवाली बाई 'उजवीकडे वळा' म्हणालेली असते. तुम्ही सरळ गेलात तर ती रागावत नाही. नवा रस्ता काढते, फार तर चार-पाच मिनिटं वाढतात. पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता असे एकेरी रस्ते आहेत, तिथे तर चुकल्यावर वळसा घालण्याशिवाय पर्यायच नाही. उलट्या दिशेने 'एवढंसंच' जाणं हा कायद्याने सिग्नल तोडण्याच्याच पंगतीतला गुन्हा आहे.

त्या पंगतीत कोण कोण बसतं तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं, 'थांबा'ची पाटी न मानणं, चालवताना हातात मोबाईल वापरणं, उलट्या दिशेने जाणं, हे सगळं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोबाईलवर रस्ता बघायला परवानगी आहे, पण चालवण्यावरचं लक्ष हटणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँडला लावून, आवाज कानावर. एका हातात फोन धरून नाही.

अजून एक. काही चौकांत मध्ये पिवळ्या रेघांची जाळी असते. तिचा अर्थ: पलीकडे जागा असेल तरच आत या. हिरवा असला तरीही. पुढे गाड्या तुंबल्या असतील तर जाळीच्या अलीकडेच थांबा, नाहीतर दिवा बदलल्यावर तुम्ही आडव्या रस्त्याची वाट अडवून बसाल. स्वारगेटच्या जेधे चौकात किंवा अलका टॉकीजच्या चौकात, जिथे इतके रस्ते एकत्र येतात, तिथे असे चार-पाच जण अडकले की सगळ्यांचंच थांबतं.

एक आकडा सांगतो आणि पुढे जातो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. मामेबहिणीला हा आकडा मी सांगितलेला नाही. मामीला तर नाहीच.

सराव

हे सगळं ऐकून कळतं, हाताला वळण लागत नाही. म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. गेल्या रविवारी पहाटे दोघं निघालो, ती चालवत, मी मागे. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. आधी मोडकाआगर. गुहागरच्या बाजूने तिला सात वेळा उजवीकडे वळायला लावलं. आरसा, इंडिकेटर, मधली रेघ, थांब, जा. पहिल्या दोन वेळा ती सवयीने डाव्या कडेलाच राहिली. तिसऱ्या वेळी मागून एसटी आली, ती मधल्या रेषेजवळ थांबलेली, हात थरथरत होते मला दिसत होतं. एसटी डावीकडून शांतपणे निघून गेली. ड्रायव्हरने बघितलंसुद्धा नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

मग चिपळूणला गेलो, बहादूरशेख नाक्यावर, जिथे कराडकडून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तिथे गाडी चालवली नाही. बाजूला चहा घेत तासभर बसलो आणि नुसतं बघत राहिलो: कोण उजवीकडे वळताना कुठे थांबतो, कोण कुठल्या लेनमधून कुठे घुसतो. तिने वहीत खुणा केल्या. वीसेक मिनिटांनी ती आधीच ओळखायला लागली, 'हा आता कट मारणार बघ.' बहुतेक वेळा तो मारायचाच.

परत येताना तिने विचारलं, "त्या दिवशी त्या माणसाची चूक नव्हती ना रे?"

मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही. तिठा आला, तिने वेग कमी केला. यावेळी आम्ही चिपळूणहून येत होतो, म्हणजे वळण डावीकडचं, सोपं. तरी तिने आरशात बघितलं.

मंडळी, तुमच्या गावच्या तिठ्यावर आधी कोण जातं? एसटी, हॉर्न, की सरपंचाची गाडी? व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी बंद करा, मग घरी जाऊन उरलेला ऐका.